शब्दचर्चा : बुवा की महाराज?

दांडिया बाजारवाली : आषाढीला बडोद्यातल्या आमच्या वाड्यात कीर्तन आहे. पाटी मराठी-गुजराती दोन्हींत रंगवायची, म्हणून गुजराती अक्षरांत 'ह.भ.प. अमुकबुवा' लिहून दिलं. शेजारच्या बेननी वाचलं आणि हळूच विचारलं, कोणाच्या अंगात येणार आहे का? गुजरातीत भूवो म्हणजे धुणणारा, भूतबाधा उतरवणारा! बरं, 'महाराज' लिहू म्हटलं, तर धाकटी जाऊ हसत सुटली. गेल्या वर्षी भाच्याच्या मुंजीत आईनं मागच्या दारातून हाक मारली, "महाराज, दाळीत मीठ घाला हो!" आणि साताऱ्याकडून आलेल्या, नुकतेच पाटावर टेकलेल्या कीर्तनकारांनी उपरणं सावरत मागं वळून पाहिलं. आचारी मात्र आला, मीठ घालून गेला. आता पाटीवर काय लिहू?

रावपुऱ्याचे काका : ताई, तुमच्या आईचं काही चुकलं नाही. बडोद्यात 'महाराज' म्हणजे सयाजीराव, आणि त्याच तोंडानं स्वयंपाक्यालाही महाराज. पूजा सांगायला येतो तो गोरमहाराज. जैनांचे साधू महाराजसाहेब. स्वामिनारायण पंथात सहजानंद स्वामी (1781–1830) श्रीजी महाराज. पुष्टिमार्गात, म्हणजे वल्लभाचार्यांच्या कृष्णभक्ती पंथात, त्यांच्या वंशजांना महाराज म्हणतात, आणि तिथं हे पद वंशानं येतं, भजनानं नाही. याच महाराजांवर समाजसुधारक करसनदास मुळजींनी आपल्या वृत्तपत्रात टीका केली, म्हणून त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा झाला. 1862 साली मुंबईत निकाल करसनदासांच्या बाजूनं लागला. तो खटला इतिहासात 'महाराज' या शब्दानंच ओळखला जातो.

मराठीत सरधोपट विभागणी अशी : पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात गोष्ट करणारे, पेटी-तबल्यावर आख्यान लावणारे नारदीय कीर्तनकार ते बुवा; मागं टाळकरी उभे करून एका अभंगावर बोलणारे वारकरी कीर्तनकार ते महाराज. बडोद्यातल्या आमच्या घरी नारदीयच ऐकलं, त्यामुळे बुवा पुरे व्हायचे. आणि मराठीतही 'बुवा'ची गत काही फार बरी राहिलेली नाही. बुवाबाजी हा शब्द आपणच घडवला ना!

मांडवीकर : काका, मला यात दुसरीच गोष्ट टोचते. ज्ञानेश्वर महाराज, तुकाराम महाराज म्हणायला जीभ सहज वळते. मग गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार असं का? तुकोबा वाण्याच्या घरातले, पण 'तुकाराम वाणी' कोणी म्हणत नाही. चोखोबांना तर देवळाबाहेरच समाधी. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. भेदाभेद अमंगळ म्हणणाऱ्यांच्याच संप्रदायात नावांनी मात्र आपापली आळी सोडली नाही.

रावपुऱ्याचे काका : अर्धं पटलं. पण सेना महाराज स्वतःच 'आम्ही वारिक वारिक' म्हणून हजामतीचं रूपक करतात. वारीक म्हणजे न्हावी. तिथं धंदा लपवलेला नाही, उलट मिरवलाय. सावतोबांचा कांदा-मुळाही तसाच. तुम्ही म्हणता तो 'महाराज' लावण्याचा भेद मुद्रेत, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नावात, सापडत नाही. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, नामयाची जनी. एकनाथांसारखे पैठणचे ब्राह्मण, तेही 'एका जनार्दनीं'. कोणाच्याच मागं बिरुद नाही. आपल्याकडचे नरसिंह मेहताही पदात नुसते नरसैंयो. दलितांच्या वस्तीत भजनाला गेले म्हणून जुनागढच्या नागरांनी त्यांना जातीबाहेर टाकलं, अशी कथा आहे. तेव्हा बिरुदं लावायची की नाही, कोणाला लावायची, हा सगळा मागून आलेल्यांचा उद्योग.

मांडवीकर : मागून आलेल्यांतच आपणही आलो. तुम्ही वर 'सेना महाराज' लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं एवढंच. माझे सासरे तेरकडचे, गोरोबांच्याच गावाकडचे. त्यांच्या तोंडी गोरा कुंभार कधीच नव्हतं, कायम गोरोबाकाका. काका हा मला महाराजांपेक्षा जवळचा वाटतो. आणि गाडगे महाराजांचं बघा : परीट घरातले, लोकांनी महाराज केलं, पण ते कोणाला पाया पडू देत नसत. हातात खराटा. कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत सुटायचे, आणि उत्तर देता देता माणूस आपणच आपल्या कर्जावर, दारूवर येऊन पोचायचा.

दांडिया बाजारवाली : वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, ते पाटीवर चालेल का?

रावपुऱ्याचे काका : नको. पाटीवर माउली लिहिलं तर लोक ज्ञानेश्वरांची पालखी आली समजतील! 'ह.भ.प.' ठेवा, पुढं नुसतं नाव-आडनाव. फक्त 'बुवा' गाळा.

दांडिया बाजारवाली : केलं तसंच. पाटी लागली. आज बेननी पुन्हा विचारलं : कीर्तन आहे तर राजभोगाचं की शयनाचं, म्हणजे दुपारचं की रात्रीचं? त्यांच्या हवेलीत, म्हणजे पुष्टिमार्गी मंदिरात, कीर्तन म्हणजे ठाकुरजींसमोर त्या त्या वेळेच्या रागात गायची अष्टछाप, म्हणजे आठ कृष्णभक्त कवींची पदं. मध्ये कोणी उभं राहून बोलत नाही, गोष्ट नाही, विनोद नाही. म्हटलं, तुमच्या प्रेमानंद कवीचं आख्यान असतं ना, माणेवर, म्हणजे तांब्याच्या घड्यावर, बोटं वाजवत सांगायचे, तसं काहीसं. त्या म्हणाल्या, मग पाटीवर आख्यान का नाही लिहिलं?

काका, 'आख्यान' आपल्याकडे नुसत्या उत्तररंगातलं. आता काय करू?