पोलो जीटीला मोठे कॅलिपर बसवू का? सिंहगड उतरताना ब्रेक गेले होते

मंडळी, माझी पोलो जीटी टीएसआय आहे, रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली. रविवारी सिंहगड उतरताना डोणज्याच्या अलीकडे पेडल एकदम मऊ पडलं, पार तळाला टेकलं. बायको आणि लेक गाडीत होत्या. हँडब्रेकने कशीबशी कडेला घेतली. पुढच्या चाकांना जळका वास येत होता. आता डिस्कवर पॅड दाबणारे चार पिस्टनचे कॅलिपर आणि 312 मिमीच्या डिस्क टाकायचं मनात आहे. पुण्यात कोणी बसवून घेतलंय का?

घाटवाट:
सगळे सुखरूप आहात, हे महत्त्वाचं. आधी सांगा, ब्रेक ऑइल कधी बदललंत? पेडल मऊ होऊन खाली गेलं म्हणजे ऑइल उकळून त्यात वाफ धरली. पेडल कडक राहून गाडी थांबली नसती, तर पॅडवर संशय घेतला असता. ताजं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि हा आकडा 155 पर्यंत उतरतो. उतारावर गिअर कुठला होता?

धागाकर्ता:
ऑइलला तीन वर्षं झाली. पॅड 3 मिमी उरलेत. डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 'डी'मध्येच होता.

घाटवाट:
मग सगळा भार ब्रेकवरच आला. मॅन्युअलला टाकून दुसऱ्यात उतरा. नवीन ऑइल, चांगले पॅड आणि टायर, एवढं आधी करा. जोरात दाबल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर मोठ्या कॅलिपरने गाडी अलीकडे थांबणार नाही, कारण पकड टायरची असते. मोठी डिस्क उष्णता जास्त पचवते, फायदा तो.

कर्वेनगरकर:
मी चार पिस्टनवाले बसवलेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पिस्टन चार असले तरी हिशेबात एकाच बाजूचे दोन धरायचे. मूळ कॅलिपरच्या 54 मिमीच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ 22.9 चौ. सेंमी, नव्यातल्या 40 मिमीच्या दोघांचं 25.1. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) तोच राहिला तर पेडल आणखी खाली जातं. आणि तुमच्याकडे मागे ड्रम आहेत, त्यामुळे पुढचा जोर वाढला की मागचे ब्रेक नुसते नावाला उरतात.

दुसरं म्हणजे अलॉय चाकं. माझे कॅलिपर बसले, पण चाक चढेना, स्पोक घासत होता. दुकानदाराने आधी मोजलंच नव्हतं. त्याच्याकडून कॅलिपरचं माप मागून घ्या, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर तो आकार कापा आणि चाकाच्या आतून फिरवून बघा. सगळीकडे 3 मिमी तरी फट हवी. 312 च्या डिस्कला 15 इंची चाक विसरा.

धागाकर्ता:
शनिवारी ऑइल आणि पॅड बदलतोय. नवे पॅड डिस्कला रुळवायचे कसे, म्हणजे बेडिंग?

घाटवाट:
पहाटे मोकळा रस्ता बघा. ब्रेक लावून वेग साठवरून पंधरावर आणा, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता हळू चालवा. गरम ब्रेक दाबून उभे राहू नका, डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो.

धागाकर्ता:
ठीक. पुठ्ठा कापून ठेवतो, कॅलिपरचं दिवाळीनंतर बघू. लेक अजून त्या रस्त्याने यायला तयार नाही.