'लेट': जाऊ देणे की अडवणे?

एका भाषांतरात अडकलोय. पासपोर्टवर धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावे अशी विनंती असते. आधीच्या मसुद्यात 'परवानगी वा अडथळ्याविना' असं केलंय. परवानगीविना जाऊ द्या? अर्थ पार उलटा. तुम्ही काय लिहाल?

— हा लेट वेगळा. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, एक सोडण्याचं, एक खोळंबा करण्याचं. झिजत झिजत दोन्हींचं 'लेट' झालं. अडवणारा बोलण्यातून गेला, कायद्याच्या भाषेत उरला. हॅम्लेट भुतामागे निघतो, सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो, मला 'लेट' करील त्याचंच भूत करीन. तिथे 'जाऊ देईल' घातलं की वाक्य कोसळलंच.

— टेनिसमधला लेटही हाच का? सर्व्हिस जाळीला घासून चौकोनात पडली की पुन्हा करायची. मला तर तो 'नेट'चाच अपभ्रंश वाटतो.

— नाही हो. स्क्वॉशमध्ये कुठे जाळी असते? तिथेही प्रतिस्पर्धी आड आला की 'लेट' मागतात. अडथळा आला, एवढंच.

— मला आवडलं ते वेगळंच. 'गाडी लेट आहे' मधला लेट आणि हा, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. आणि ते आहेतही एकाच घरातले! अडवणं म्हणजे मुळात उशीर करायला लावणं.

— पण 'गाडीला उशीर झालाय' म्हणायला जीभ का अडते आपली? चांगला शब्द हाताशी असताना?

— अडत नाही, दोन्ही म्हणतो. 'लेटमार्क'ला मात्र 'उशीरखूण' म्हणून बघा, कुणाला कळतंय ते.

— इंग्रजीलाच कशाला हसायचं? आपलं 'काढणे' घ्या. 'चित्र काढलंस का?' कागदावर की भिंतीवरून?

— ते उदाहरण चालणार नाही. लेट म्हणजे दोन शब्द येऊन एक झाले. काढणे पहिल्यापासून एकच, प्राकृतातलं कड्ढइ, म्हणजे ओढतो. रेघ ओढली की चित्र, खिळ्यावरून ओढलं की भिंत रिकामी.

— ऐकणाऱ्याचा गोंधळ तर तोच ना?

— मंडळी, 'अटकाव वा अडथळा न करता' लिहू, की नुसतं 'विनाअडथळा'? मूळ जोडी मोडवत नाही.

— 'भिंतीवर चित्र काढलं' आणि 'भिंतीवरचं चित्र काढलं'. एका 'चं'ने निकाल लागतो. गोंधळ कुठाय?