मदत हवी आहे : मिरजेच्या तंतुवाद्यांवर प्रकल्प

नमस्कार मंडळी. पुतणी सांगलीत भूगोलात एम.ए. करतेय. विषय घेतलाय सांस्कृतिक भूगोल आणि पर्यटन. मी म्हटलं, मग लांब कशाला जातेस, मिरजच घे!

सतार आणि तानपुऱ्यासाठीचे मोठे भोपळे पंढरपूरकडचे, कारागीर पूर्वी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतले, आणि थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्यही इथलंच. माती, माणसं आणि गाणं एका गावात जुळून आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी बाहेरचा माणूस मिरजेत उतरतो तो बहुधा दवाखान्यासाठी किंवा गाडी बदलायला.

आता अडचण. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो, तर एका दुकानात "काही घ्यायचंय का?" एवढंच विचारलं. चूक आमचीच, ऐन कामाच्या वेळी गेलो होतो.

भोपळा कापण्यापासून जवारी काढेपर्यंतचं (म्हणजे घोडी घासून तारेचा सूर गुंजता करेपर्यंतचं) काम बसून पाहू देणारं कुणी ओळखीचं आहे का? कुठल्या वेळी जावं? आणि मिरजेतल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेला बाहेरगावचे श्रोते कुठून येतात, कुठे उतरतात, हे जुन्या मिरजकरांपैकी कुणी सांगेल का? फोन नंबर इथे नको, मेसेज करा.