लेकराचा खोकला: सहाण की बाटली?

पऱ्हाटी:
पोरगी चार वर्षांची. आज बारावी रात्र, खोकलायलीच आहे. ताप नाही, जेवायलीय, दिवसा अंगणात धुडगूस चालू. रात्री दोनच्या सुमाराला मात्र उठून बसते आणि कोरडा ठसका थांबत नाही. सासूबाई सहाणेवर ज्येष्ठमधाचं कांडकं सात-आठ वेढे उगाळतात, मधात कालवून बोटानं चाटवतात. नवऱ्यानं परवा तालुक्याहून खोकल्याची बाटली आणली. ती मी फोडली नाही, कोनाड्यात ठेवलीय.
२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याच्या औषधानं वीसच्या वर लेकरं गेली. काहींना नागपूरला आणलं होतं. किडन्या बंद पडल्या. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं, चालतं ते ०.१ टक्का. तेव्हापासून बाटली दिसली की पोटात गोळा येतो.
माझं मत सरळ आहे. साध्या सर्दीच्या खोकल्याला बाटली नको, घरात आहे तेवढं पुरे. पटत नसेल तर बोला.

मेडिकलवाला भाऊ:
ताई, ते विष होतं, औषध नव्हतं. दुधात युरिया सापडला म्हणून कुणी म्हैस विकली का?
आणि घरगुती-इंग्रजी हे भांडण तुम्ही समजता तसं नाही. अडुळशात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो. त्यावरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं, आणि त्याच्यापासून अँब्रॉक्सॉल. लेकरांच्या कफाच्या कितीतरी औषधांत आज हेच असतं. म्हणजे ज्या बाटलीला तुम्ही कोनाडा दाखवला तिचा आजा अडुळसाच निघायचा. फरक इतका की बाटलीवर एका चमच्यात किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. तुमच्या सहाणेवर कुठं छापलंय?
मी काउंटरवर रोज बघतो. "खोकल्याचं द्या" म्हणतात, लेकराचं वय विचारलं की चिडतात. चूक चिठ्ठीशिवाय मागणाऱ्याची आहे.

शंकासुर:
आणि चिठ्ठीशिवाय विकतो कोण, भाऊ?

वसमतकर:
आमच्याकडं हळद घरची, ओवा घरचा, अडुळसा बांधावर. ओवा तव्यावर गरम करायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या हाताला लावून बघायची आणि मग छाती-पाठ शेकायची. सुंठ-गुळाची हरभऱ्याएवढी गोळी. रात्री हळदीचं दूध. चार पिढ्या हेच चाललं, कुणी मेलं नाही. वर्षाच्या आतल्या लेकराला तर बाळगुटी मधातच द्यायचो आम्ही. डॉक्टर लोकांना हे सगळं अडाणीपणा वाटतं, कारण यात फी नाही.

शंकासुर:
"कुणी मेलं नाही" हे जे राहिले तेच सांगतात. एकदा आज्जीजवळ बसा आणि विचारा, झाली किती आणि जगली किती. माझ्या आज्जीनं बोटांवर मोजून सांगितलं होतं, नऊ आणि पाच. चार कशानं गेली विचारलं तर म्हणाली, "डब्यानं." म्हणजे न्यूमोनियानं.

वसमतकर:
तेव्हा लसी नव्हत्या, रस्ते नव्हते. त्याचं खापर ओव्यावर कशाला?

शंकासुर:
ओव्यावर नाही. जगलेल्या पाचांचं श्रेय ओव्याला द्यायलात, तिथं अडतंय.

आशा, पण कामावरची:
मी आशा म्हणून गावात फिरते. वसमतकर दादा, मधाचं तेवढं मनावर घ्या. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, गुटीत नाही, बोटावर नाही, बारशाला सोन्याच्या अंगठीनं सुद्धा नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि तिथं विष तयार करतात. लेकरू आधी कुंथतं, मग मान टाकतं, दूध ओढेनासं होतं. उकळून पण ती बीजं मरत नाहीत.
कापराचंही तेच. तेलात घालून चोळतात, नाकाला लावतात. दोन वर्षांच्या आत अजिबात नको. पोटात गेला तर आकडी येते, आणि देवघरातली डबी रांगत्या लेकराच्या हाताला बरोबर लागते.
आता पाहिलेलं सांगते. मागच्या हिवाळ्यात पाच महिन्यांचं लेकरू होतं. डबा झालाय म्हणून पोटावर बिब्ब्याचे चटके दिलेले. बेंबीच्या दोन्ही बाजूंना काळे गोल, कडेनं फोड पाण्यानं भरलेले. लेकरू रडत पण नव्हतं, नुसतं कण्हत होतं. अंगडं वर केलं तर श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडायला होता. घड्याळ लावून मिनिटभर मोजले, ६८. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० च्या आत पाहिजेत, पुढं पाच वर्षांपर्यंत ४० च्या आत. १०८ बोलावली. वाचलं ते.
त्या आज्जीला मी वाईट म्हणणार नाही. डबा तिनं बरोबर ओळखला होता. घरात कुणाच्याही आधी.

वसमतकर:
बिब्ब्याचं समर्थन मी कधीच केलेलं नाही. माझ्या आत्याचाच बिब्बा उतला होता, तोंड सुजून डोळे बंद. पण मधाचं हे कुणी याआधी सांगितलं नव्हतं. धाकट्याला आठवा महिना आहे. बंद करतो.
तरी मोठ्या लेकरांचं काय? तिथं तर मध चालतो ना?

शंकासुर:
चालतो, आणि थोडाफार लागूही पडतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांवर अभ्यास झाला होता, २००७ मध्ये छापून आला. झोपायच्या आधी काहींना मध, काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबायचं औषध, काहींना काहीच नाही. मधवाल्यांची रात्र बरी गेली. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मात्र काहीच न देण्यापेक्षा सरस ठरलं नाही.
आता लगेच फटाके फोडू नका. रात्र कशी गेली हे आईबापांनी सांगितलेलं, आणि ज्यांना रिकामी सिरिंज मिळाली त्यांना ती रिकामी आहे हे कळत होतं. शिवाय सर्दीचा खोकला साधारण निम्म्या लेकरांचा दहा दिवसांत आपोआपच जातो, उरलेल्यांचा तीन आठवडे रेंगाळतो. नवव्या दिवशी जे द्याल ते रामबाण.

मेडिकलवाला भाऊ:
एवढं वाचल्यावर माझी एक गोष्ट कबूल करतो. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाचखाली साधारणपणे नकोतच. पऱ्हाटीताईंची पोरगी चारची आहे. ती बाटली कोनाड्यातच बरी.
पण गुटीतलं वेखंड काय साधुसंत आहे का? त्यातल्या बीटा-असारोन नावाच्या घटकापायी अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. आमच्या दुकानात रोज कुणीतरी वेखंडाचं कांडं मागायला येतं आणि त्याला कुणी चिठ्ठी विचारत नाही. मी पण नाही.

कोपीवाली लेक:
सगळे पोटात काय द्यायचं त्यावरच बोलायलेत. पोरगी झोपते कुठं, ते कुणी विचारलं का? मी ऊसतोड्यांची लेक. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, चूल आणि अंथरूण यांच्यात चार हात अंतर, आम्ही सहा महिने खोकायचो. मायबापाची उचल फिटायच्या आधी मधाची बाटली कुठून यायची. गावी आलो की आठ दिवसांत खोकला गप्प.
ताई, तुमचं नावच पऱ्हाटी आहे. चूल पेटवता ना पऱ्हाट्यांवर?

पऱ्हाटी:
गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. पऱ्हाट्या, तुराट्या, दोन्ही. पडवीत चूल, तिच्यामागच्या खिडकीला लागून पोरीची खाट. सासूबाई पहाटे चारला पेटवतात. खरं सांगते, हे डोक्यातच आलं नव्हतं. खाट आज मधल्या खोलीत घेते.

आशा, पण कामावरची:
घ्या. आणि दोन आठवडे भरले तर गप्प बसू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. क्षयाची तपासणी फुकट आहे.

पऱ्हाटी:
पाच दिवसांनी लिहितेय. चौदावा दिवस भरला तेव्हा नेलं. छाती ऐकली, वजन केलं, छाती साफ आहे म्हणाले, बाटली लिहून दिली नाही. मग विचारलं, घरात आणखी कुणाला जुना खोकला आहे का?
मी नाही म्हणणार होते. नवरा म्हणाला, मायला आहे. आहेच की, दोन वर्षं झाली असतील. चुलीपुढं बसणाऱ्या बाईचा खोकला म्हणून आम्ही तो कधी धरलाच नव्हता. पहिल्या दिवशीची माझी पोस्ट वर जाऊन वाचा, मी पण त्यात लिहिलेला नाही.
सासूबाईंच्या थुंकीची डबी काल तपासायला दिली. रिपोर्ट यायचाय. माझ्याशी बोलत नाहीयेत त्या, "मला काय झालंय" एवढंच म्हणतात. पोरगी आजीजवळ झोपायचा हट्ट करायलीय, तिला काय सांगावं कळत नाही. ज्येष्ठमध सध्या मीच उगाळते. माझे वेढे पातळ पडतात, असं पोरगी म्हणते.