फॉर्मेशन मेलं म्हणता, मग बॉल गेल्यावर परतायचं कुठं?

रंकाळा_स्टॉपर

परवा कूपरेजकर यांनी फॉर्मेशनवर, म्हणजे गोली सोडून दहा खेळाडू मागून पुढं कसे उभे करायचे त्या मांडणीवर, लिहिलं होतं: "४-३-३, ३-५-२ हे आकडे आता टीव्हीवर नावं मांडण्यापुरते उरलेत. प्रशिक्षक ग्वार्डिओला त्यांना टेलिफोन नंबर म्हणतो. फॉर्मेशनवर वाद घालणारे वीस वर्षं मागे आहेत." तिथंच उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी पेठेच्या संघातून बारा वर्षं स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलो. मागं उभं राहून खेळ बघितलेल्या माणसाला एक गोष्ट कळते ती टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागं धावत असतो. बॉल आपल्याकडं असताना कोण कुठंही जाऊ दे. बॉल गेला की तीन-चार सेकंदांत प्रत्येकाला आपली जागा गाठायची असते. ती आधी ठरलेली नसेल तर दोघं एकाच माणसावर धावतात आणि तिसरा मोकळा सुटतो. असे गोल मी खाल्लेत. रात्री झोप येत नाही त्या गोलांनी.

सगळ्यांना मँचेस्टर सिटीचं उदाहरण आवडतं, तर तेच घ्या. २०२३ च्या हंगामात बचावातला स्टोन्स मागून उठून मधल्या फळीतल्या रॉड्रीशेजारी यायचा आणि चित्र ३-२-४-१ व्हायचं. सुंदर. पण बॉल गेला की? मागं चौघांची फळी, मध्ये चौघं, हालांडच्या जोडीला डी ब्रुयने. सरळसोट ४-४-२. प्रशिक्षक साक्की मिलानच्या खेळाडूंना बॉलच न देता मैदानावर फिरवायचा: बॉल इथं आहे असं समजा, आता सगळे सरका. त्याच संघानं १९८९ मध्ये रियाल माद्रिदला ५-० हरवलं. सिटीचा बचाव बघून साक्कीला काहीही नवीन वाटलं नसतं.

आणि आकड्यांनी फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी प्रशिक्षक कॉन्तेचं चेल्सी आठवावं. २४ सप्टेंबर २०१६, आर्सेनलकडून ३-०. त्याच सामन्यात त्यानं मागं तिघं केले, पुढच्या सामन्यापासून ३-४-३, आणि लीगमध्ये सलग १३ विजय. तीन हंगाम दुसऱ्या क्लबांत उधारीवर फिरलेला मोझेस त्या वर्षी विजेत्या संघाचा विंगबॅक, म्हणजे कडेनं पुढं-मागं धावणारा खेळाडू, झाला. टेलिफोन नंबर बदलून एवढं होतं का?

कूपरेजकर

वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. "वीस वर्षं मागे" हे जास्त झालं, तेवढं सोडून.

२२ मे २०२४, डब्लिन, युरोपा लीगची फायनल. लेव्हरकुसेन ३-४-२-१, अटलांटाही ३-४-२-१. लेव्हरकुसेन त्याआधी सलग ५१ सामने हरलेलं नव्हतं. निकाल ३-०, तिन्ही गोल लुकमनचे. दोन्हीकडे आकडे तेच होते, मग सामना कशानं फिरला? अटलांटाचा तेव्हाचा प्रशिक्षक गास्पेरिनीची माणसं माणूस धरून खेळतात. तुझा माणूस जाईल तिकडे तू जा, तो विंगवर जावो की स्वतःच्या गोलीजवळ. तुम्ही म्हणता तसं "जागा गाठणं" त्यात बसतच नाही.

कॉन्तेचं म्हणाल तर चेल्सी आदल्या हंगामात दहावं आलं होतं. युरोपात खेळायचं नव्हतं, आठवडाभर सरावाला मिळायचा. ते श्रेय तुम्ही ३-४-३ च्या खात्यावर टाकताय. उलट उदाहरण देतो. प्रशिक्षक अमोरिम पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये तीनच्या बचावावर दोनदा लीग जिंकला. तोच साचा घेऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला, हट्टानं बदलला नाही, आणि संघ त्या हंगामात १५ वा आला. आकडे तेच, माणसं वेगळी. खेळ माणसांचा असतो हो.

लेस्टरची_माहेरवाशीण

मी २०११ पासून लेस्टरला राहते. फुटबॉल मला इथे कळला, तोही शेजारच्या आजोबांमुळे. ते मला अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून दाखवायचे: चार, चार, दोन. २०१५-१६ च्या हंगामाआधी आमच्या संघाला लीग जिंकण्यासाठी सट्ट्यात ५००० ला १ असा भाव होता. प्रशिक्षक रानिएरी जवळजवळ प्रत्येक आठवड्याला तोच संघ, तेच ४-४-२ उतरवायचा. अख्ख्या देशाला माहीत होतं हे काय करणार: मागे दाटीने उभे राहणार, बॉल हिसकावणार, फॉरवर्ड वार्डीच्या पुढे टाकणार. तरी कुणाला थांबवता आलं नाही, लीग आम्हीच जिंकली. आजोबा म्हणायचे, आमच्या पोरांना विचार करायला लागत नाही, म्हणून ती लवकर पोचतात. आजोबा आता नाहीत. त्यांच्या चिमट्यांना कुणी कालबाह्य म्हटलं की मला वाईट वाटतं, एवढंच सांगायला आले.

कूपरेजकर

ताई, आजोबांबद्दल आदर आहे. पण दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. लेस्टर २०१५-१६, चेल्सी २०१६-१७. फॉर्मेशन वेगळं, प्रशिक्षक वेगळा, आणि दोन्हीकडे मधल्या फळीत कांटे. एक माणूस दोघांचं काम करत होता, तुम्ही आकड्यांना हार घालताय.

रंकाळा_स्टॉपर

आर्सेनलनं ३-० केलं त्या दिवशी कांटे मैदानातच होता, भावा. त्यानंतरच्या विजयांच्या मालिकेतही तोच होता. मधे काय बदललं ते तूच सांग.

कूपरेजकर

हा मुद्दा बरोबर आहे. तेवढाच.

म्हापशाचा_गोली

मोठ्यांचं काय ते चालू दे, मला दुसरंच सलतंय. हे फॉर्मेशनचं वेड आपल्याकडे पोरांच्या बोकांडी बसलंय.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना एका अकादमीत जायची. पहिल्याच महिन्यात शिक्का मारला: उंच आहे, धावायला हळू, म्हणजे फुलबॅक, बचावात कडेला. तीन वर्षं. हाफलाइन ओलांडली की बाहेरून हाक यायची, "जागा सोडू नकोस!" घरी अंगणात ती दोन्ही पायांनी बॉल खेळवायची आणि मैदानात उतरली की बॉल मिळताच टोलवून द्यायची, कारण तिला तेवढंच शिकवलं होतं. तेराव्या वर्षी म्हणाली, पप्पा, मला कंटाळा येतो, मी नुसती उभी असते. आणि सोडलं.

तिच्या वयोगटाचं सगळ्यांच्या तोंडी काय? "आमची टीम ४-२-३-१ खेळते." दहा वर्षांची पोरं! मी स्वतः गोली, आयुष्यभर जागेवर उभा राहिलो, पण पंधराव्या वर्षापर्यंत भाताच्या मळ्यात पुढे-मागे सगळीकडे खेळलो होतो. म्हणून मला फॉरवर्ड काय करणार ते आधी कळायचं.

रंकाळा_स्टॉपर

तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्या एका अकादमीवरून आमच्यासारख्या सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

मी शनिवार-रविवार पोरं शिकवतो. फुकट. तांबड्या मातीचं मैदान, चोवीस पोरं, दोन बॉल. जागा ठरवून दिल्या नाहीत तर काय होतं ते या आणि बघा. सगळी एका बॉलवर झुंबड करतात, आणि त्यातली दांडगी चार पोरं तासभर खेळतात. बाकीची धूळ खातात. माझ्याकडं एक पोरगं होतं, बोलायचंच नाही कुणाशी. दोन महिने त्याच्या पायाला बॉल लागला नाही. मी त्याला डावीकडं रेषेजवळ उभा केला, म्हटलं इथून हलू नकोस, बॉल येईल. आला. रिकामी जागा होती म्हणून आला. त्या दिवशी ते पोरगं घरी जाताना आईला सांगत होतं, मला सहा वेळा बॉल मिळाला. मोजले होते त्यानं.

जागा म्हणजे तुरुंग असं तुम्हाला वाटतं. त्या पोराला ती हक्काची जमीन होती.

म्हापशाचा_गोली

छान. आणि तो आता काय खेळतो? अजून डावीकडेच ना? हेच म्हणतोय मी. तुम्ही दार उघडलंत आणि त्याच दारात त्याला उभा करून ठेवलात. फुकट शिकवता म्हणून चूक बरोबर होत नाही.

रंकाळा_स्टॉपर

साहेब, तुम्ही माझं मैदान बघितलेलं नाही, पोरगं बघितलेलं नाही. म्हापशात बसून माझी चूक ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? शनिवारी सकाळी साडेसहाला मैदानात दगड वेचायला या, मग बोला.

जुना_रोव्हर्स

दोघेही जरा थांबा. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, रोव्हर्स कप बघत वाढलो. जागा आणि साचा यांत तुम्ही गल्लत करताय.

१९५३, वेम्बली. हंगेरीनं इंग्लंडला ६-३ धुतलं. हिदेगकुटी सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरला आणि मधल्या फळीत मागे सरकून खेळला. त्याला धरायचं काम इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनचं. त्याच्यामागे जावं तर बचावात खिंडार, थांबावं तर हिदेगकुटी मोकळा. शेवटपर्यंत उत्तर सापडलं नाही, हिदेगकुटीनं तीन गोल मारले. १९२५ ला ऑफसाइडचा नियम बदलल्यावर चॅपमननं आर्सेनलमध्ये जी डब्ल्यू-एम मांडणी रुजवली, तिच्यात इंग्लंड इतकं मुरलं होतं की समोरचा वेगळं काही करेल ही कल्पनाच नव्हती. पण हंगेरी तरी विस्कळीत होतं का? मुळीच नाही. हिदेगकुटीनं रिकाम्या केलेल्या जागेत कुणी घुसायचं ते ठरलेलं होतं.

आणि आपलं १९६२ चं जकार्ता विसरू नका. स्टॉपर जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला सेमीफायनल आणि फायनलला सेंटर फॉरवर्ड उतरवलं. दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं, एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलचा. आशियाई सुवर्ण.

म्हापशाचा_गोली

काका, हेच तर! स्टॉपरला पुढे टाकलं आणि त्यानं गोल मारला. दहाव्या वर्षी शिक्का मारून ठेवलेल्याला हे जमलं असतं का?

रंकाळा_स्टॉपर

रहीमसाहेबांनी माणूस बदलला, सेंटर फॉरवर्डची जागा तिथंच होती. जर्नेल सिंगला माहीत होतं कुठं उभं राहायचं. माझंच म्हणणं झालं हे.

लेस्टरची_माहेरवाशीण

तुम्ही दोघं एकाच सामन्यातून आपापलं काढताय. गोलीदादा, मुलगी परत खेळायला लागली का? ते सांगा आधी.

म्हापशाचा_गोली

शाळेच्या संघात. मध्ये हाफ म्हणून. तिच्या नव्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, तुला कुठे खेळायचंय? तीन वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

कूपरेजकर

मूळ विषयावर येतो, कारण मला अजून पटलेलं नाही, पण एक गोष्ट रात्री डोक्यात राहिली. २०२२ च्या वर्ल्ड कपचा अर्जेंटिना. प्रशिक्षक स्कालोनीनं नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच ठेवले, क्रोएशियाविरुद्ध मध्ये चौघं, आणि फायनलला ४-३-३, त्यात डी मारिया डावीकडे. डी मारिया नेहमी उजवीकडचा. फ्रान्सला त्याचा पत्ताच लागला नाही, डेम्बेलेनं त्याला पाडलं, पेनल्टीवर अर्जेंटिनाचा गोल झाला, आणि फ्रान्सचा प्रशिक्षक देशाँनं ४१ व्या मिनिटाला डेम्बेले आणि जिरू दोघांनाही बाहेर काढलं.

मी हे "एकच फॉर्मेशन घट्ट धरणं संपलं" याचा पुरावा म्हणून लिहायला घेतलं होतं. लिहिताना लक्षात आलं की स्कालोनीनं प्रत्येक सामन्याआधी आकड्यांचाच विचार केला. म्हणजे आकडे महत्त्वाचे आहेत, ठरलेले नाहीत. यापलीकडे मी येणार नाही.

शिवाय ब्राझीलचा फ्लुमिनेन्से क्लब आहेच. त्यांचा तेव्हाचा प्रशिक्षक डिनिझची पोरं जागा सोडून बॉलभोवती गोळा होऊन खेळायची, २०२३ ला माराकानावर बोकाला २-१ हरवून लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. तुमच्या हिशेबानं ते अशक्य होतं.

रंकाळा_स्टॉपर

आणि त्याच डिसेंबरात जेद्दाहमध्ये सिटीकडून ४-०. बॉलभोवती सगळे जमले की दुसरी बाजू उघडी पडते, आणि बॉल गेल्यावर तिकडं कोण पोचणार? पण लिबर्तादोरेस जिंकली हे खरं आहे. ते सामने मी बघितले नव्हते, शोधून बघतो.

अर्जेंटिनाचं तुझं वाक्य मला मान्य. "ठरलेले नाहीत" हेही मान्य, मोठ्यांच्या बाबतीत.

गोलीसाहेब, परवा मी फार बोललो. "आता काय खेळतो" हा तुमचा प्रश्न लागला, कारण उत्तर "हो, डावीकडंच" हेच आहे. दोन वर्षं झाली. या रविवारपासून बारा वर्षांखालच्या पोरांच्या जागा दर वीस मिनिटांनी बदलतोय. मांडणी तीच राहणार, ती मी सोडत नाही. माणसं फिरतील. दिवाळीपर्यंत करून बघतो.

म्हापशाचा_गोली

मीही चढ्या आवाजात बोललो, राहू दे. पण फिरवताना गोलीलाही फिरवा. ज्याला पुढे घेत नाहीत त्यालाच सगळीकडे गोलमध्ये उभा करतात, मलाही तसाच केला होता. आणि त्या तुमच्या पोराला एकदा मध्ये टाका, सहाच्या वर किती वेळा बॉल मिळाला ते मोजायला सांगा त्याला.