एनॅसला एका वेळी चारच जण जोडले जावेत, असं सेटिंग कुठे असतं?

फोंडा_एडिटर
नमस्कार मंडळी, आमचा फोंड्याला छोटा व्हिडिओ स्टुडिओ आहे, लग्नं, मुंजी, आणि सीझनला जत्रांतली नाटकं. जुन्या पीसीवर ओपनमीडियावॉल्ट (ओएमव्ही) टाकून एनॅस केलाय, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारं मशीन, ८ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तेच), गिगाबिट स्विच, सांबा शेअर (विंडोजच्या एसएमबी पद्धतीने वाटलेला फोल्डर), सगळे विंडोजवाले. सकाळी एकटा बसलो तर मस्त चालतं, संध्याकाळी सगळी पोरं आली की टाइमलाइन अडकायला लागते, प्ले दाबलं की दोन सेकंद चालतं आणि थांबतं, मग सगळे एकमेकांवर ओरडतात की तू काय कॉपी करतोयस. म्हणून म्हटलं एका वेळी चारच कनेक्शन ठेवावीत, पाचवा आला तर त्याला आत घेऊच नये. सांबाची सेटिंगची फाइल, एसएमबी डॉट कॉन्फ, हाताने बदलून बघितली, पण ओएमव्हीत काही सेव्ह केलं की ती परत पहिल्यासारखी होते. कुणी केलंय का असं?

डिचोलीकर
हाताने बदललेलं टिकणारच नाही, ती फाइल ओएमव्ही स्वतः लिहितं. एसएमबी शेअरच्या सेटिंगमध्ये खाली एक्स्ट्रा ऑप्शन्सचा चौकोन आहे, त्यात लिही:
मॅक्स कनेक्शन्स = ४
सेव्ह, अप्लाय, झालं. शून्य म्हणजे कितीही, आणि डिफॉल्ट शून्यच असतं. हे शेअरपुरतं असतं हां, दुसरा शेअर असेल तर तिथे वेगळं लिहावं लागेल.

सर्व्हर_रूम_पणजी
थांब रे, हे लावलंस तर उद्या परत इथेच येशील. मॅक्स कनेक्शन्स माणसं मोजत नाही, शेअरला झालेल्या जोडण्या मोजतं. एकाच लॅपटॉपवरून कुणी एनॅस नावाने उघडला आणि परत आयपी टाकूनही उघडला तर विंडोजच्या लेखी ते दोन वेगळे सर्व्हर, म्हणजे एका पोराने दोन जागा खाल्ल्या. त्यात ड्राइव्ह मॅप केलेला असला की विंडोज चालू होतानाच जोडून मोकळा, काम काही नाही पण जागा अडवलेली, बसमध्ये सीटवर रुमाल टाकून चहाला गेल्यासारखं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अडवणूक मध्येच होते. समज एकाचा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला, कनेक्शन तुटलं, तेवढ्यात पाचवा आत शिरला. आता पहिला परत आला तर त्याला जागा नाही, अर्ध्यावरचं प्रोजेक्ट उघडं आणि सगळ्या क्लिप मीडिया ऑफलाइन. जागा भरली असं विंडोज सरळ सांगतही नाही, काहीतरी भलताच एरर येतो आणि पोरं म्हणणार एनॅस मेला. कारण बघायचं तर सांबाच्या लॉगमध्ये जावं लागतं.

आधी संध्याकाळी सगळे बसलेले असताना एनॅसवर एसएमबीस्टेटस (कोण कोण जोडलंय ते दाखवणारी कमांड) चालव आणि काय दिसतं ते इथे टाक. आकडा नंतर ठरवू.

म्हापसा_नेट
दुसरा रस्ता आयपीटेबल्सचा, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचा, त्यातलं कनलिमिट मॉड्यूल, एसएमबीच्या पोर्ट ४४५ वर. पण तो आपणहून एका आयपीमागे किती कनेक्शन ते मोजतो, सगळ्यांची मिळून बेरीज हवी तर मास्क शून्य द्यावा लागतो. आणि वायफायचा राउटर मधे नॅट करत असेल तर त्याच्यामागचे सगळे फोन, लॅपटॉप एनॅसला एकाच आयपीचे दिसतात, मग दर आयपीला दोन असं लावलंस तर वायफायवाल्या सगळ्यांत मिळून दोनच. त्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाक, म्हणजे तो नॅट न करता नुसतं वायफाय देईल, ते तर असंही करायलाच हवं.

ग्लोबलमध्ये (सगळ्या शेअरना मिळून असलेल्या सेटिंगमध्ये) मॅक्स एसएमबीडी प्रोसेसेस पण आहे. दर क्लायंटमागे एक एसएमबीडी प्रोसेस असते, तिची संख्या बांधायची. पण ते मशीन भाराने कोलमडू नये म्हणून केलेली तात्पुरती तटबंदी आहे, रोजच्या वापराला घेऊ नकोस.

फोंडा_एडिटर
काल रात्री चालवलं. खुर्च्यांवर आम्ही चार जण आणि एसएमबीस्टेटसमध्ये अकरा ओळी! चार आमच्या. एक रिसेप्शनवरचा टीव्ही, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, शोरील (आमच्या कामाचे नमुने) दाखवायला जोडला होता तो. तीन ओळी एकाच आयपीवरून, म्हणजे नॅटचं बरोबर निघालं, ते पोरांचे फोन, फाइल मॅनेजर अ‍ॅपमध्ये एनॅस टाकून ठेवलाय सगळ्यांनी. दोन लॅपटॉप दोनदा. आणि एक ओळ अकाउंट्सच्या पीसीची, तिथे बॅकअपचं सॉफ्टवेअर आहे आणि ते बरोब्बर संध्याकाळी सातला सुरू होतं. म्हणजे चारची मर्यादा लावली असती तर टीव्ही आणि फोन आत आणि आम्ही बाहेर.

सर्व्हर_रूम_पणजी
बघ, म्हटलं नव्हतं. आता तीन कामं कर.

ग्लोबल एक्स्ट्रा ऑप्शन्समध्ये डेडटाइम = १५ टाक. म्हणजे पंधरा मिनिटं काही हालचाल नसेल तर कनेक्शन सोडून द्यायचं. हल्लीच्या सांबात डिफॉल्ट १००८० मिनिटं आहे, म्हणजे पूर्ण आठवडा, म्हणून तो टीव्ही असा ठाण मांडून बसतो. घाबरू नकोस, एखादी फाइल उघडी असेल तर डेडटाइम त्या कनेक्शनला हात लावत नाही, आणि विंडोज गरज पडली की आपोआप परत जोडून घेतं, पोरांना कळणारही नाही.

दुसरं, चार एडिटिंग मशीनना राउटरमधून कायमचे आयपी बांधून दे आणि फुटेजच्या शेअरला होस्ट्स अलाउमध्ये तेवढेच चार लिही. टीव्हीला वेगळा छोटा शेअर, फक्त वाचण्यापुरता, त्यात तयार शोरील ठेव. तुला आकडा नको होता रे, नावांची यादी हवी होती, ती झाली की मॅक्स कनेक्शन्सची गरजच उरत नाही.

तिसरं, बॅकअप रात्री दोनला. त्याला कुणी सातची वेळ दिली देव जाणे.

साखळी_साउंड
सगळं ठीक पण मूळ गणित कुणी केलंच नाही. कॅमेरे कुठल्या बिटरेटला लावता? ४के व्हिडिओला १०० मेगाबिट असेल तर एका कॅमेऱ्याचे सेकंदाला साडेबारा एमबी. नाटकाला तीन कॅमेरे, मल्टिकॅम टाइमलाइनवर तिन्ही एकदम वाचले जातात, म्हणजे एका एडिटरला साडेसदतीस. चौघे नाटकच कापत बसले तर १५० एमबी. गिगाबिट कागदावर १२५, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. मग फोन, टीव्ही सगळे हाकलले तरी चौथ्याचं अडकणारच. लग्नाच्या सिंगल कॅमेऱ्याला चौघे आरामात बसतील.

आणि डिस्क फिरणाऱ्या आहेत हे विसरू नका, एकच मोठी फाइल सलग वाचताना त्या भारी वेग देतात, चार जणांच्या बारा फाइली वाचायला लावल्या की हेड इकडून तिकडे उड्या मारण्यातच दमतो. तीन तासांचं नाटक म्हणजे कॅमेऱ्यामागे १३५ जीबी, तिन्ही मिळून चारशेच्या वर. ते एडिटरच्या स्वतःच्या एसएसडीवर घ्यायचं तर तासभर कॉपी, पण एकदाच, मग दिवसभर एनॅसला त्रास नाही. नाहीतर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवा, छोट्या फाइलींवर कापा, शेवटी मूळ फुटेज जोडून एक्सपोर्ट. आमच्याकडे कला अकादमीच्या स्पर्धेतली नाटकं येतात तेव्हा प्रॉक्सीशिवाय पर्यायच नसतो.

फोंडा_एडिटर
हो, १०० मेगाबिटलाच लावतो. हे बाकी डोक्यात आलं नव्हतं. मग अडीच गिगाबिटचा स्विच घेतला तर? केबल बदलाव्या लागतील का, भिंतीतून गेल्यात सगळ्या.

म्हापसा_नेट
कॅट ५ई असेल तर अडीच गिगाबिट शंभर मीटरपर्यंत चालतं, भिंत फोडू नकोस. पण साखळीवाल्या बाबनी सांगितलं तसं पुढे डिस्क अडवतील, स्विचचे पैसे आधी एसएसडीत घाल.

उलट आहे त्या केबल नीट आहेत का ते तपास. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. आपल्याकडे पावसाळ्यात आरजे४५ च्या पिना हिरव्या पडतात, एक जोडी गेली की लिंक गुपचूप शंभरवर येते आणि दिवा तसाच लुकलुकत राहतो. त्या पीसीला मग साडेबारा एमबीच, म्हणजे एक कॅमेरा कसाबसा. प्रत्येक मशीनवर नेटवर्क स्टेटसमध्ये स्पीड बघ, १.० जीबीपीएस दिसायला हवं.

फोंडा_एडिटर
पात्रांव!! खिडकीजवळचा पीसी १०० वर. हाच पोरगा सगळ्यात जास्त ओरडायचा. टोक कापून नवीन कनेक्टर क्रिंप केला, आता १.० दाखवतंय. डेडटाइम, होस्ट्स अलाउ पण टाकलं, बॅकअप रात्री नेला. काल संध्याकाळी ओळी चारच, दोन लग्नं आणि एक नाटक एकदम चालू होतं, कुणाचा आवाज नाही. देव बरें करूं सगळ्यांचं. चवथीनंतर जत्रा सुरू व्हायच्या आत प्रॉक्सीचं बघतो.

एक शेवटचं, पार्टीला फाइली घरून डाउनलोड करता याव्यात म्हणून हाच शेअर बाहेरून उघडता येईल का?

सर्व्हर_रूम_पणजी
अजिबात नाही. ४४५ पोर्ट राउटरवर बाहेर उघडायचाच नाही, २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबीच्या दारातून पसरला होता. पार्टीसाठी वेगळी एफटीपी (फाइली डाउनलोड करायची सोय) लाव, टीएलएस म्हणजे एन्क्रिप्शन चालू करून, आणि तिचा फोल्डर फुटेजपासून लांब. तुला हवी होती ती मर्यादा तिथे खरंच कामाची आहे: व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये मॅक्स क्लायंट्स आणि मॅक्स पर आयपी दोन्ही आहेत, आणि जागा भरली की तो ४२१ हा एरर कोड देऊन नंतर या असं नीट सांगतो. फक्त मॅक्स पर आयपी १ ठेवू नकोस, फाइलझिलासारखे प्रोग्रॅम एकाच माणसासाठी दोन-तीन कनेक्शन उघडतात, ३ ठेव.