टाचेचं हाड वाढलंय, कापावं लागतं का?

पोळीवाली_कोथरूड: माझं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळभर ओट्याशी उभी, खाली शहाबादी फरशी, पाय अनवाणी. पहाटे उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसतो. जरा चाललं की सुटतं, दुपारी जेवून उठले की पुन्हा तेच. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं. शेजारच्या काकू म्हणतात, ऑपरेशनच. खरं का?

टेकडीप्रेमी: गरम विटेवर रुईची पानं ठेवून शेका. आमची आई हेच करायची.

निवृत्त_फिजिओ_सदाशिव: ताई, आधी त्या हाडाची धास्ती सोडा. कित्येकांच्या एक्स-रेत ते असतं आणि टाच मुळीच दुखत नाही. तुमचं वर्णन वाचून मला संशय आहे तळव्याच्या पट्ट्याचा. तो टाचेपासून बोटांपर्यंत जातो. रात्रभर आखडून बसतो, सकाळी एकदम ताण पडला की कळ येते. अंगठ्याने टाचेखाली, पुढच्या आणि आतल्या बाजूला दाबून बघा. तिथेच जीव जातो ना?

पलंगावरून उतरण्याआधी चवड्याला पंचा अडकवून पाऊल आपल्याकडे ओढा, 30 सेकंद धरा, असं तीनदा. दिवसा भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फ करून तळव्याखाली फिरवा. आणि ओट्यापुरती मऊ, टाचेला उंची असलेली चप्पल वेगळी ठेवा. देवघरात नेऊ नका म्हणजे झालं! सपाट कोल्हापुरी सध्या लग्नकार्यालाच.

महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं. इंजेक्शनने आराम पडतो तो तात्पुरता, आणि पट्टा फाटायचा धोका असतो, म्हणून ऊठसूट घेऊ नका.

टेकडीप्रेमी, मधुमेह्यांना वीट सुचवू नका हो. तळवे बधिर असले तर भाजलेलं कळतही नाही, आणि रुईचा चीक कातडीला झोंबतो तो वेगळाच.

पोळीवाली_कोथरूड: दाबून पाहिलं, अगदी तिथेच! चप्पल आज तुळशीबागेतून आणते. भाच्याचंही विचारू का? पंचविशीचा आहे, दोन्ही टाचा दुखतात, शिवाय सकाळी कंबर धरते.

निवृत्त_फिजिओ_सदाशिव: कंबर हालचालीने मोकळी होते की विश्रांतीने? हालचालीने होत असेल तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या. पंचा-बाटलीत वेळ घालवू नका.